मंडळाचा टॅब

कागद पाहून भजन म्हणणाऱ्याचा महादेवरावांना भारी राग. मंडळात कोणी खिशातून चिठ्ठी काढली, की हात वर करून ते सगळं भजन थांबवायचे आणि भरल्या मंडपात विचारायचे, “किराणा आणाले चालला का रे?” चिठ्ठी मुकाट खिशात परत जायची. पुढे पोरं मोबाईलमध्ये शब्द पाहायला लागली, तेव्हा तर त्यांनी कायदाच केला. भजनाला बसायचं तर मोबाईल सतरंजीखाली. ज्याला जमत नसेल त्यानं घरी बसून टीव्ही पाहावा.

त्यामुळे तळेगावच्या त्या मंडळाला यंदा स्पर्धेत बक्षीस लागलं आणि पेटीवाल्या कैलासनं त्या बक्षिसातून टॅब घ्यायचा विषय काढला, तेव्हा सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं. म्हातारा उठला तर पळायला वाट मोकळी असावी. कैलास स्वतः भाजीपाला पिकवणारा, महादेवरावांच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, असलेला. त्यांना काका म्हणायचा, आणि भ्यायचाही.

“नव्या पोराइले पाठांतर होत नाई, काका,” तो पेटीच्या पट्ट्यांशी बोलल्यासारखा बोलला. “मोबाईलवर अक्षर बारीक. मधात एक मोठा टॅब ठेवला का सगळ्याइले दिसन. आता सगळेच मंडळं ठेवून राह्यले.”

महादेवराव थोडा वेळ सतरंजीची दशी ओढत बसले. मग म्हणाले, “घ्या. मोठा घ्या. मी येतो संग पाह्याले.”

खंजिरीवाला श्रावण त्यांच्याच वयाचा, तोंडाचा सैल. तो पुढे वाकून म्हणाला, “मादेव, तब्येत बरी हाय ना बाप्पा?”

सगळे हसले. महादेवरावही हसले, पण जरा उशिरा.

तब्येत बरी नव्हती, आणि हे फक्त आनंदाबाईंना माहीत होतं. पावसाळ्यात महादेवरावांनी ज्या वाफ्यात मेथी टाकली, त्याच वाफ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा मेथी टाकली. आनंदाबाई म्हणाल्या, “आवं, काल टाकली ना इथं?” हे म्हणाले, “मंग? दाट येईन.” दाट आली, एकमेकीच्या उरावर बसून पिवळी पडली आणि अर्धी सडली. पुढे एकदा बाजारात वांग्यांच्या ढिगासमोर बसून ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत राहिले, कारण वांग्याला काय म्हणतात ते आठवेना. डॉक्टरचं नाव काढलं की ते चपला घालून वावरात निघून जायचे.

भजनात मात्र त्यांनी एक युक्ती काढली होती. शब्द हरवतोय असं वाटलं, की दोन्ही हात पसरून ते मागच्यांना म्हणायचे, “म्हना, म्हना!” मागचे जोरात म्हणायचे आणि त्यांच्या तोंडातून शब्द उचलून महादेवराव पुढे निघायचे. लोकांना वाटायचं, बुवा रंगात आले. स्पर्धेच्या परीक्षकांनाही तसंच वाटलं. बक्षीस त्या रंगाचं होतं.

पण एका ठिकाणी ही युक्ती चालत नव्हती.

ताराचंदबुवा म्हणून महादेवरावांचे गुरू होऊन गेले. पंचक्रोशीतल्या विहिरी खोदायचे आणि भजनं जोडायचे. एकही लिहिलं नाही; जे शिष्याच्या तोंडात गेलं ते राहिलं. त्यातलं विहिरीचं भजन म्हणजे मंडळाची शान. त्याचं ध्रुवपद तळेगावातल्या शेंबड्या पोरालाही येतं:

पाणी खोल खोल गेलं, दोर माझा पुरेना,
वाकून वाकून पाह्यतो, चेहरा माझा दिसेना.

मग एकेका कडव्यात एकेक दोर विहिरीत सुटतो. आईचा, भावाचा, पैशाचा, पोथीचा. चारही आखूड पडतात. पाचव्या कडव्यात पाणी वर येतं. आणि बुवांची शिस्त अशी, की पाचवं कडवं एकट्या मुख्य गाणाऱ्यानं म्हणायचं. पेटी दबकी करायची, बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकायचं, सोबत ओठही हलवायचे नाहीत. मरायच्या आधी ज्याला नेमावं, त्याला ते द्यायचं. बुवांनी महादेवरावांना दिलं. महादेवरावांनी अजून कोणाला दिलं नव्हतं. घाई काय आहे, असं ते म्हणायचे.

आता ते कडवं महादेवरावांजवळही नव्हतं. दिवाळीपासून ते शोधत होते. निंदताना शोधत होते, मोटर सुरू करताना शोधत होते. मंडळात विहिरीचं भजन कोणी काढलं, की घसा बसला म्हणून चौथ्यावरच आवरतं घेत होते. टॅबला त्यांनी हो म्हटलं ते याच आशेनं. जगातलं सगळं त्या पाटीत असतं म्हणतात. कुठून तरी बुवांचं कडवंही तिच्यात गेलं असेल. आणि नसेल, तरी बाकीच्या भजनांत अब्रू राहील.

एसटीनं महादेवराव, कैलास आणि श्रावण आर्वीवरून वर्ध्याला उतरले. श्रावणनं खंजिरी पिशवीत घेतलीच होती. बायको विसरेल पण खंजिरी विसरणार नाही असा माणूस. कैलासची मुलगी समीक्षा वर्ध्यालाच कॉलेजात, वसतिगृहात राहायची. ती दुकानाच्या दारातच उभी होती. तिनं आठवडाभर तुलनेचे व्हिडिओ पाहून अभ्यास केला होता. ह्याची बॅटरी मोठी पण उजेड मंद, त्याचा उजेड चांगला पण मेमरी तुटपुंजी, तिसऱ्याला सगळं आहे पण तो जड. तिनं ते सगळं आत जायच्या आधीच सांगून टाकलं. महादेवराव कौतुकानं ऐकत राहिले. लहानपणापासून पोरीचा गळा गोड होता, मंडळात बापाच्या मांडीवर बसून म्हणायची.

शहरातल्या दुकानात धोतर-टोपी शिरली, की सेल्समनचा आवाज आपोआप चढतो. जणू चिखलात काम करणारा माणूस बहिराच असतो. धीरज नावाचा तो सेल्समनही ओरडूनच बोलायला लागला.

“काका! हा बघा! गेमिंगला एकदम स्मूथ! पिक्चर तर असं दिसते की बस!”

“आमी भजनी मंडळ होय, भाऊ,” श्रावण म्हणाला. “गेम आमी फक्त अध्यक्ष निवडताना खेळतो. आन् हळू बोल, माह्या कानाले काई झालं नाई.”

धीरजनं काचेच्या कपाटावर तीन टॅब ओळीनं मांडले. तिन्ही पेटलेले, तिन्हींवर बर्फाचे डोंगर. कैलास वाकून वाकून पाहत होता, समीक्षा बोटानं सरकवत होती. महादेवरावांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “आमी काय असे उभ्यानं भजन म्हनतो का? खाली ठेव.”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हंजे खाली. फरशीवर.”

आणि ते दुकानाच्या मधोमध मांडी घालून बसले. श्रावण त्यांच्या उजव्या हाताला बसला, कैलास समोर, समीक्षा ओढणी सावरून डावीकडे. मंडळात बसतात तसेच. धीरजनं गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिलं, मालकानं छताकडे. येणारी गिऱ्हाइकं वळसा घालून जायला लागली. शेवटी धीरजनं पहिला टॅब आणून पूजेचं ताट ठेवावं तसा मध्ये ठेवला.

कपाटावर राजासारखा दिसणारा तो टॅब फरशीवर ठेवल्याबरोबर आंधळा झाला. छतावरची ट्यूबलाइट अख्खी त्यात उतरली. महादेवरावांना ट्यूबलाइट दिसत होती, कैलासला पंखा दिसत होता.

“मले तर काईच नाई दिसत. काळा तवा हाय,” श्रावण बाजूनं म्हणाला. “याच्यावर फक्त मधात बसणारा भजन म्हनन. आमी काय भाकरी भाजू?”

दुसऱ्याची काच चकाकत नव्हती, दुधाळ होती. डोळ्याला बरी वाटली. पण पडदा लहान, कैलासला अक्षरासाठी मान लांब करावी लागली. श्रावणनं पिशवीतून खंजिरी काढून एक थाप मारली, तर तो फरशीवर हलायलाच लागला. “हा हलका हाय. ढोलकी सुरू झाली का हा नाचत नाचत देवळाबाहेर जाईन,” असा निकाल त्यानं दिला.

तिसरा मोठा, जडही, पण मांडीसमोर ठेवला की ठेवला. समीक्षानं अक्षर वाढवलं. समोरून दिसत होतं, डावीकडून दिसत होतं, श्रावणलाही दिसत होतं. सगळे पुढे वाकले तेवढ्यात पडदा काळा झाला.

“इझला!” कैलास दचकला.

“खराब नाही, काका!” धीरज ओरडला, मग आठवण येऊन आवाज खाली आणला. “हात नाही लावला तर तो झोपते. ती सेटिंग बदलता येते.”

“भजनात झोपते?” महादेवराव म्हणाले. “मंग तर श्रावणचा सख्खा भाऊ होय.”

आता धीरजही हसला. त्यानं सेटिंग बदलून दिली. महादेवरावांनी अंगठा लावला तर पडदा हलेना. मातीनं घट्टे पडलेला अंगठा त्या काचेला माणसाचा वाटत नव्हता. दोनतीनदा घासला तेव्हा पान सरकलं.

समीक्षानं एक रोजचं भजन शोधून समोर लावलं आणि चौघांनी दबक्या आवाजात धरलं. आयुष्यात पहिल्यांदा महादेवराव पाहून म्हणत होते. शब्द घसरेल म्हणून ते आदल्या ओळीतच घाबरायचे; आज ओळ संपली की पुढची समोर तयार. कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, हात पसरायचे नाहीत. किती महिन्यांनी त्यांची छाती मोकळी झाली. हाच घ्यायचा, त्यांनी ठरवून टाकलं.

“आता आपलं विहिरीचं पाहू,” समीक्षा म्हणाली. तिनं टाईप केलं, सरकवलं, पुन्हा टाईप केलं. महादेवरावांची नजर तिच्या बोटांवरून हलत नव्हती.

“नाही सापडत.”

“नीट पाह्य,” महादेवराव म्हणाले.

“पाहिलं, आबाजी. बुवांचं नावच नाही कुठं. ताराचंद नावाचे दुसरेच लोक येतात.” मग तिचा चेहरा खुलला. “पण आपल्याला कशाला शोधायचं? तुमच्याजवळ आहे ना. आताच टाकते. किती ओळी एका पानावर बसतात तेही समजेल. म्हणा.”

कैलास आणि श्रावणनं लगेच ध्रुवपद धरलं. आईचा दोर गेला, भावाचा गेला. समीक्षाची बोटं भराभर चालत होती. पैशाचा गेला. पोथीचा गेला:

पोथीचा दोर सोडला, अक्षरं गेली वाहून,
ओला कागद हाती आला, काय करू पाहून?

आणि सवयीप्रमाणे दोघं थांबले. दोघांच्या माना खाली गेल्या. समीक्षानंही मान खाली घातली, फक्त बोटं काचेवर उचललेली. टॅबवरच्या रिकाम्या जागेतली उभी रेघ उघडझाप करत होती. महादेवरावांनी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. चाल होती, पहिला सूर कुठून घ्यायचा ते घशाला माहीत होतं, पण त्या सुरावर ठेवायला एक अक्षर नव्हतं.

“हे दुकान हाय,” ते म्हणाले. “इथं नाई म्हनत ते.”

“बराबर हाय,” श्रावण म्हणाला. “फरशीवर चपला घालून फिरून राह्यले लोक.”

“ठीक आहे. मी गुरुवारी गावाला येते, तेव्हा टाकू,” समीक्षा म्हणाली. “टॅब तर हाच ना, आबाजी?”

महादेवरावांना कळलं, हा टॅब गावात आला की गुरुवार येणार. आणि गुरुवार आला की ती रेघ पुन्हा अशीच उघडझाप करत समोर बसणार.

“हा नाई,” ते म्हणाले. “जड हाय.”

“जडच पाह्यजे म्हने ना आता?” कैलास म्हणाला.

“अक्षर पांढरं फक्क पडते. डोये दुखते.”

“उजेड कमी होते, काका,” धीरज म्हणाला.

“मंग कमी उजेडात काय दिसनार हाय? दुसरा दाखव.”

धीरजनं दुसरा दाखवला, चौथा आणला, पाचवा आणला. एकाची कड टोचत होती, एकाचा रंग देवळात शोभत नव्हता, एकाला मागं दोन डोळे होते आणि देवासमोर ते बरं दिसत नव्हतं. श्रावण आधी हसला, मग त्यानं खंजिरी पिशवीत घातली. कैलासचा लाल झालेला कान समीक्षाला दिसत होता.

“बाबा, जाऊ द्या,” ती हळूच म्हणाली.

“काऊन जाऊ द्या?” कैलास उठून उभा राहिला. “सकायपासून पाहून राह्यलो. काका, सरळ बोला ना! टॅब आला का मंग महादेवबुवाले कोन विचारते, हेच खुपून राह्यलं ना तुमाले? सगळं ज्ञान आपल्याच पोटात राह्यलं पाह्यजे. दुसऱ्याले येता कामा नाई!”

आयुष्यात कैलास त्यांच्याशी असा बोलला नव्हता. दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. महादेवराव फरशीवर बसलेलेच होते, त्यामुळे त्यांना मान वर करून कैलासकडे पाहावं लागलं. तोंडावर मारायला त्यांच्याजवळ शिव्या होत्या, त्या कधीच विसरल्या नव्हत्या. पण त्यांना एकदम वाटलं, हे बरं आहे. जळका म्हातारा म्हणतील. म्हणू देत. पोकळ म्हातारा म्हणण्यापेक्षा ते बरं.

“हो,” ते म्हणाले. “खुपते. मंग?”

कैलासनं वळून तो तिसरा टॅब बांधायला सांगितला. हात देऊन महादेवरावांना उठवलं ते श्रावणनं.

परतीच्या एसटीत टॅबचं खोकं कैलासच्या मांडीवर होतं आणि कैलास पुढच्या बाकावर. महादेवराव खिडकीशी बसून बोटं मोडत होते. करंगळी आईची, मग भावाची, मग पैशाची, मग पोथीची. अंगठ्याशी आले की थांबायचे. पुन्हा करंगळीपासून सुरू.

“काई हरवलं का?” श्रावणनं विचारलं.

“हिसोब करून राह्यलो,” महादेवराव म्हणाले.

घरी आनंदाबाई ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. नवऱ्याचं तोंड पाहूनच त्यांनी विचारलं नाही, कोणता घेतला. पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा जुड्या बांधायला बसल्या. महादेवरावांनी सगळं सांगितलं. दुकानातलं बोलणं सांगताना त्यांचा आवाज चढला, पाचव्या कडव्याचं सांगताना उतरला.

“तुले येते का वं?” शेवटी त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला भजनातलं काही विचारलं नव्हतं.

“मले कसं येईन? तुमी म्हनाचे तवा मी बायांच्या बाजूले मागं. आन् तुमचा तो कायदा, मान खाली, आयकून घ्या. चाल येते मले.” त्यांनी गुणगुणून दाखवली. बरोबर होती. “सबद नाई.”

महादेवरावांनी तांब्या खाली ठेवला.

“सांगून टाका त्याइले,” आनंदाबाई म्हणाल्या. “कैलास काई परका नाई.”

“काय सांगू? बुवानं विश्वासानं देल्लं ते हरवून आलो, असं सांगू?”

आनंदाबाईंनी जुडीला गाठ मारली, दातानं सुतळी तोडली. “मंग एक जोडा तुमीच. इतके वर्सं म्हनता, दोन ओळी नाई जोडता येनार? कोनाले समजते?”

ते ऐकून महादेवराव चिडले, ओसरीवरून उठले. पण सकाळी वावरात पाणी देताना त्यांनी पाहिलं, की आपण जोडतोच आहोत. गुरुवारपर्यंत दोन ओळी झाल्या. आनंदाबाईंसमोर त्यांनी त्या रोज म्हणून घेतल्या, कारण केलेल्या ओळीही रात्रीतून निघून जात होत्या.

गुरुवारी संध्याकाळी मंडळ जमलं. सतरंजीच्या मधोमध पाटावर टॅब होता. कैलासच्या बायकोनं त्याला हळदीकुंकू लावायचा हट्ट केला होता, म्हणून वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. जी पोरं महिनोन्महिने फिरकली नव्हती ती येऊन बसली होती. समीक्षा टॅबसमोर होती. कैलासनं काकांकडे पाहिलं नाही, पण पेटी सरकवून त्यांच्या जागेसमोर मोकळी वाट केली.

चार कडवी झाली. पेटी दबली, माना खाली गेल्या.

महादेवरावांनी सूर घेतला. सूर पहिल्यासारखाच गेला, मंडपाच्या टिनापर्यंत.

आलं आभाळ भरून, धार लागली मुसळाची,
भरली विहीर काठोकाठ, सरली वाट दोराची.

“अजून एकदा, आबाजी,” समीक्षा टाईप करत म्हणाली. “धार लागली...?”

“मादेव,” श्रावण म्हणाला.

त्याची मान खालीच होती. खंजिरी मांडीवर पालथी.

“पाऊस नव्हता त्याच्यात.”

समीक्षाची बोटं काचेवरच थांबली.

“काय होतं ते मले येत नाई,” श्रावण पुढे म्हणाला, अगदी हळू, माफी मागितल्यासारखं. “आमी कधी म्हनलंच नाई. पन पाऊस नव्हता. बुवा विहिरी खोदणारा मानूस, तो कायले पावसाची वाट पाह्यते? पानी खालूनच आलं होतं. कसं आलं होतं, ते त्या कडव्यात होतं.”

महादेवराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले, “म्हना, म्हना” करायचे तसे. पण मागून कोणाला काही म्हणता येत नव्हतं. हात तसेच राहिले आणि मग मांडीवर येऊन पडले.

तेव्हा कैलासला समजलं. वर्ध्याच्या दुकानातलं आपलं सगळं बोलणं त्याला एका दमात आठवलं असावं, कारण पेटीचा भाता त्याच्या हातातून सुटला आणि पेटी एक लांब सुस्कारा टाकून बंद पडली.

“कोणीच रेकॉर्ड नाही केलं का कधी?” समीक्षानं विचारलं. “एकानंही?”

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मोबाईल सतरंजीखाली, हा कायदा कोणाचा होता हे कोणी बोललं नाही. मग श्रावणनं कोपरीच्या खिशातून आपला जुना, कोपऱ्यात तडकलेला मोबाईल काढला. “म्या एकदा केलं होतं,” तो म्हणाला. “चोरून. सतरंजीखाली चालू ठेवला होता. पन त्याचा काई उपयोग नाई.”

“लाव,” महादेवराव म्हणाले.

“राहू दे ना, बाप्पा.”

“लाव म्हनतो ना!”

श्रावणनं लावलं. सतरंजीखालून यावा तसा घुसमटलेला आवाज आला. खंजिरी, टाळ, पोथीचा दोर. मग पेटी दबली. एक क्षण शांतता, कापडाची खसखस, कोणाच्या तरी मोबाईलची टुंग. आणि महादेवरावांचा आवाज, खणखणीत:

“कोनाचा मोबाईल चालू हाय? बंद कर तो! बुवाचं कडवं फुकट वाटाले बसलो का मी इथं? बंद कर!”

तिथं ते संपलं.

महादेवराव त्या तडकलेल्या मोबाईलकडे पाहत होते. किती जोरकस आवाज होता. त्या आवाजाला पुढचं कडवं येत होतं. बंद कर म्हणून झाल्यावर त्या माणसानं नक्की ते म्हटलं असणार, सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं असणार, आणि जेवायला गेले असणार.

“मग हे पावसाचं ठेवू का?” समीक्षानं विचारलं.

“काढ,” महादेवराव म्हणाले.

“तिथं काय लिहू?”

“काई नको लिहू. जागा ठेव.”

तिनं जागा ठेवली. त्या दिवसापासून मंडळ तसंच म्हणतं. पोथीचा दोर आखूड पडतो, टॅबवर दोन ओळींची पांढरी जागा येते आणि तेवढा वेळ श्रावण एकटा दबकी खंजिरी वाजवतो. बाकीचे मान खाली घालतात. बाहेरगावचे लोक म्हणतात, तळेगाववाल्यांनी काय नवीन ढंग काढला बुवा, अंगावर काटा येतो. एका स्पर्धेत त्या ढंगाला वेगळं बक्षीस मिळालं. ते घ्यायला कोणी उठेना, शेवटी समीक्षा गेली.

महादेवराव आपल्या जागेवर बसतात. आनंदाबाई आता त्यांना हाताला धरून आणून सोडतात आणि भजन संपेपर्यंत बायकांच्या बाजूनं त्यांच्याकडेच पाहत बसतात. टॅबवरून ते सगळं म्हणतात, कुठं अडत नाहीत. नवी पोरं म्हणतात, म्हातारा कसा भारी म्हणतो.

मागच्या गुरुवारी विहिरीचं भजन चालू होतं. पांढरी जागा आली. महादेवराव टॅबकडे पाहत थांबले, मग त्यांनी श्रावणच्या गुडघ्याला हात लावला.

“इथं काऊन नुसतं वाजवून राह्यला रे?”

श्रावणची खंजिरी चालूच होती. त्यानं कैलासकडे पाहिलं. कैलासनं मान आणखी खाली घातली.

“दम घेतो, मादेव,” श्रावण म्हणाला.

“पन पानी तर आलंच नाई वरतं.” महादेवरावांच्या कपाळावर जुनी, रागाची आठी उमटली. त्यांनी घट्टे पडलेल्या अंगठ्यानं काच घासली, पान हलेना, पुन्हा घासली. “कोनं जोडलं हे? अर्धंच सोडलं लेकाच्यानं.”

समीक्षानं वाकून पुढचं भजन लावलं.